सोफ्यावरचा फोटो

आईची एक खोड आहे. मोठी बातमी ती कधीच आधी सांगत नाही. फोनवर आधी बडनेऱ्यात ऊन किती तापून राहिलं ते होतं, मग शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली, मग गवार महागली, आणि मी "बरं, ठेवू का?" म्हटलं की मग ती म्हणते, "आन् हो, मले पत्र आलं बाप्पा कचेरीचं. पैसे वापस मांगून राहिले."

मी तेव्हा अकोल्यात कामावर होते. एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं माझं काम. समोर लोक खोळंबले होते, कुणी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, आणि माझ्या कानात आई सांगत होती की निराधारचे पैसे परत मागितलेत. ज्या म्हाताऱ्या माणसाला कुणाचा आधार नाही त्याला सरकार दर महिन्याला थोडे पैसे देतं. आमच्याकडे त्यांना सगळे निराधारचे पैसेच म्हणतात. आईला ते वडील गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी सुरू झाले होते. आता पत्रात होतं की ती नोकरदार मुलाच्या कुटुंबात राहते, म्हणून ती अपात्र आहे, आणि आजवर उचललेली सगळी रक्कम तिनं भरावी.

"तू कोणाच्या कुटुंबात राह्यते?" मी ओरडलेच. समोरचे पेशंट दचकले.

"हळू बोल ना," आई म्हणाली. "राह्यतो तशी राह्यतो."

आमचं घर बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आहे, रुळांच्या इतकं जवळ की मालगाडी आली की बोलणं थांबवायचं आणि ती गेली की तुटलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं, हे आम्ही लहानपणीच शिकलो. वडील दुसऱ्यांच्या मळ्यात बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, वांगी-मेथी लावायचे आणि आई ती बाजारात विकायची. धाकट्या भावाला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले. त्यानं मागची जुनी टिनाची खोली तशीच ठेवून पुढे स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या, फरशी बसवली, सोफा आणला, आणि मग लग्न केलं.

चूल वेगळी झाली ती तिखटावरून. वहिनीच्या माहेरी बेताचं खाणारे लोक, आणि आईच्या हातचं तर साधं वरणसुद्धा झणझणीत असतं. एकदा नातू जेवताना तोंड भाजून रडला. वहिनी काहीतरी बोलली, आई त्याहून जास्त बोलली, आणि दुसऱ्या दिवशी आईनं मागच्या खोलीत आपला स्टोव्ह पेटवला. "मले माया हातचंच बरं," म्हणाली. एवढंच झालं. तिला कुणी हाकललं नव्हतं. पण तिला कुणी परतही बोलावलं नाही. सणावाराला पुढच्या घरातून झाकलेलं ताट मागे येई आणि आई ते धुऊन, त्यात मूठभर साखर नाहीतर चार लिंबं घालून परत पाठवी, कारण रिकामं ताट पाठवणं तिला जमत नाही. बाकी दिवस पुढचं पुढे आणि मागचं मागे.

निराधारच्या अर्जाच्या वेळी आलेल्या माणसानं ही मागची खोली, हा स्टोव्ह, हे सगळं स्वतः पाहिलं होतं. म्हणून तर पैसे सुरू झाले. आणि त्या पैशांनी आई बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वडील होते तेव्हा बाजारचा गल्ला त्यांच्या हाती जायचा, नंतर घर भावाच्या हाती गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर काही येत होतं. महिन्यातून एकदा ती ठेवणीतलं पातळ नेसून एकटी बँकेत जायची. त्यातून तिचं पीठ, डाळ, रॉकेल मिळेना तेव्हापासूनची छोटी गॅसची टाकी, बीपीच्या गोळ्या. मी माहेरी गेले की परत निघताना माझ्या हातात बांगड्यांचे पैसे कोंबायची आणि मी नको म्हटलं की चिडायची. "मायाजवळ हायेत ना," हे ती ज्या तोऱ्यात म्हणायची तो तोरा मला फार आवडायचा.

आता तो तोराच जाणार होता. पैशाचं काय, माझ्या पगारातून मी काही ना काही केलं असतं. पण मुलीचा पैसा आई घेत नाही. सांगून पाहा तिला.

मी रविवार बघून बडनेऱ्याला गेले आणि तिच्या समोर बसले. "पडताळणीले कोणी आलतं का?"

"आलती ना एक पोरगी. लय गुणाची होती."

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं तेच कळेना. वहिनी लेकरांना घेऊन माहेरी गेली होती, भाऊ ड्यूटीवर. कुंड्यांना पाणी घालायला म्हणून पुढच्या घराची चावी आईजवळ ठेवली होती. तेवढ्यात कचेरीतून पडताळणीसाठी एक मुलगी आली, हातात मोबाईल, उन्हानं लाल झालेली. तिला मागच्या खोलीत कसं बसवायचं? तिथं बसायला एक बाज, तीही सुतळी लोंबलेली. परक्या माणसाला घर फुटलेलं दाखवायचं? आईनं पुढचं दार उघडलं. पंखा लावला. मुलीला सोफ्यावर बसवलं. वहिनीच्या स्वयंपाकघरात, जिथं तिनं कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, तिथं जाऊन चांगल्या कपांत चहा केला.

"तिनं विचारलं, आजी, कोण कोण राह्यते? म्या म्हटलं, आमी सारेच. पोरगा रेल्वेत हाय, सून हाय, दोन नातू. काई कमी नाई मले."

"माय! असं सांगतलं तू?"

"मंग काय सांगू? पहिल्याच भेटीत रडगाणं गाऊ?" आई मलाच रागावली. "आन् मंग ते म्हणे, आजी, फोटो काढू. तर म्या पदर घेतला डोक्यावर."

मी आईला ओळखते. घरी कुणी आलं की आम्ही सगळे एक असायचं, हा आमच्या घरचा कायदाच होता. मामा यायचे तेव्हा वडील आणि काका, एरवी घराच्या वाटणीवरून महिनोन् महिने न बोलणारे, एका पंगतीत बसून एकमेकांना भाकर वाढायचे. मामा गेले की पुन्हा अबोला. बाहेरच्याला आतलं दिसू द्यायचं नाही. आईनं तेच केलं. फक्त या वेळी बाहेरचा माणूस मामा नव्हता.

कचेरी अमरावतीत. मी दवाखान्यातून सुटी मागितली, डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, तरी गेले. तिथल्या बाबूनं बराच वेळ वर पाहिलं नाही. मीही रोज लोकांना असंच बसवते, तेव्हा त्याच्यावर किती चिडावं हा प्रश्नच होता, पण चिडले. शेवटी त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आई सोफ्यावर बसली होती. पदर डोक्यावर, हात मांडीवर, चेहऱ्यावर ते पाहुण्यांसाठीचं हसू. समोर ट्रेमध्ये कप, मागे फ्रिज, फ्रिजवर प्लास्टिकची फुलं. असा सुखी म्हातारा जीव मी जाहिरातीतच पाहिलाय.

"आता तुमीच सांगा मॅडम," तो बाबू म्हणाला, "ह्या बाईले निराधार कसं म्हणाव?"

मी सगळं सांगितलं. मागची खोली, स्टोव्ह, चावी, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, तसा तो वाईट नव्हता. म्हणाला, असं तोंडी सांगून काही होत नाही. साहेबांपुढे सुनावणी लावून घ्या. मुलाचं लेखी आणा की आई माझ्यात जेवत नाही, मी तिला खर्च देत नाही. शेजारचे दोन लोक आणा. आणि आजीनं स्वतः साहेबांपुढे तसं सांगावं. मग पुन्हा पडताळणी होईल आणि वसुली थांबेल. मी तिथंच आईच्या वतीनं सुनावणीचा अर्ज लिहून दिला. मला चक्क हायसं वाटलं. खरं तेच तर सांगायचं होतं. त्यात कठीण काय?

भाऊ ड्यूटीवरून आला तेव्हा मी पुढच्या घरात त्याच सोफ्यावर बसले होते. वहिनीनं पाणी दिलं. मी सरळ विषय काढला.

"तू म्हणून राहिली का म्या लिहून देऊ?" भाऊ म्हणाला. "का मी मायले खाऊ घालत नाई? सही करून?"

"खोटं हाय का?"

"खोट्या-खऱ्याचं नाई ताई. कागद हाय तो. उद्या माया ऑफिसात गेला तर? लोक थुंकतीन मायावर."

"आमी काय त्यायले उपाशी ठेवलं का?" वहिनी दारातून म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "त्याच गेल्या मांगं. म्या कितीदा ताट पाठोलं."

तेही खोटं नव्हतं. मी तिच्याशी भांडायला आले होते आणि भांडायला जागाच सापडेना. भाऊ म्हणाला, "भरून टाकू हप्त्या-हप्त्यानं. काहून त्यायच्या मांगं लागतं?" पण भरणार कोण, हे तो बोलला नाही आणि त्याच्याकडे पाहिल्यावर मीही विचारलं नाही. पोरांच्या शिकवण्या, घराचं कर्ज, सगळं मला माहीत होतं. आणि भरूनही आईचे महिन्याचे पैसे तर बंदच होते. ते तिला कोण देणार होतं? पुढच्या घरासमोर हात पसरायला लावणार होता का तो तिला? एवढं सगळं माझ्या डोक्यात आलं आणि तोंडातून निघालं ते फक्त, "लाज वाटत नाई तुले?" त्यानं मान खाली घातली. मालगाडी आली. आम्ही तिघं गप्प बसलो. ती गेल्यावरही कुणी पुढे बोललं नाही.

शेजारी तरी. समोरच्या काकूंनी मला कडेवर खेळवलंय. आईची भाकर कुठे भाजली जाते याचा वास रोज त्यांच्या घरात जातो. त्या म्हणाल्या, "सारं दिसते वं बाई. पण तुमच्या घरातलं आमी कचेरीत जाऊन काहून सांगाव? उद्या तुमी मायलेकरं एक व्हान, आन् आमी वाईट." पलीकडच्या काकांनी तर सुनावणीच्या दिवशीच आपल्याला मोर्शीला लग्न आहे असं मी तारीख सांगायच्या आधीच सांगून टाकलं.

म्हणजे राहिली एकटी आई.

मी बाबूला फोन केला तर तो म्हणाला, साहेब चांगले आहेत, आजीचं तोंडी म्हणणं जरी नीट आलं तरी ते पुन्हा पडताळणी लावतील. मग मी आईला तयार करायला बसले. बाजेवर ती, खाली मी. मी साहेब झाले. "आजी, कोणाच्या चुलीवर जेवता?" "मायाच." "घरात कुठं राह्यता?" "मांगच्या खोलीत." "मुलगा खर्चाले पैसे देते का?" इथं ती थोडी अडखळायची. मग म्हणायची, "नाई देत जी." पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणाली. सुनावणीच्या दिवशी ऑटोत बडनेरा ते अमरावती मी तेच घोकून घेतलं आणि ती शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं देत गेली. ऑटोवाला आरशातून आमच्याकडे पाहत होता. मला वाटलं, जमलं.

साहेबांची खोली भरली होती. आमच्यासारखेच सगळे, एकेका म्हाताऱ्या माणसाला धरून आलेले. कूलर नुसता आवाज करत होता. आमचा नंबर आला तेव्हा मागच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते, आपल्या आईला घेऊन आलेले. त्यांनी माझ्या आईला पाहून हात जोडले. "काय मावशी, तुमी इथी?" ते भावाच्याच खात्यात होते. घरी जेवून गेलेले. आईनं हसून नमस्कार केला, तेच पाहुण्यांसाठीचं हसू.

साहेब तरुण होते, थकलेले होते आणि खरंच चांगले होते. त्यांनी आईला खुर्ची दिली.

"आजी, जेवण स्वतः करता?"

"हो जी. मायं मी करतो."

"राहता कुठे?"

"मांगच्या खोलीत."

साहेबांनी लिहायला सांगितलं. बाबू लिहू लागला. मग साहेब म्हणाले, "म्हणजे मुलगा तुम्हाला सांभाळत नाही. असंच ना?"

हा प्रश्न मी घोकून घेतला नव्हता. चुलीचं विचारलं होतं, खोलीचं विचारलं होतं, पैशाचं विचारलं होतं. ही एवढी एक ओळ मीही तिच्यापुढे कधी मांडली नव्हती, आता कळतं की माझीही जीभ उचलली नसती. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आजी? फक्त हो म्हणा."

"सांभाळते जी," आई म्हणाली.

साहेबांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्यानं, सावकाश, पुन्हा विचारलं. आईही मोठ्यानं म्हणाली, "माया पोरगा मले सांभाळते. त्याच्यात काई खोट नाई."

"मग वेगळं का जेवता?"

"मले तिखट लागते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ज माझ्या अक्षरात होता, हे त्यांना दिसत होतं. मी काहीतरी बोलावं म्हणून ते थांबलेसुद्धा. मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे मान वळवली नाही, फक्त टेबलाखाली माझं मनगट धरलं आणि असं दाबलं की बांगडी हाडात रुतली. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही बोलायला निघाले की ती असंच दाबायची. माझा आवाज निघालाच नाही. इतकी वर्षं झाली, माझी स्वतःची पोरं कॉलेजात गेली, तरी निघाला नाही.

"मग मला काही करता येणार नाही, ताई," साहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असावं. आईनं जिथं दाखवलं तिथं अंगठा उठवला आणि बोट पदराला पुसलं.

बाहेर व्हरांड्यात मी तिच्यावर तुटून पडले. एवढी धावपळ, एवढ्या सुट्या, सगळं मातीत घातलं म्हटलं. आता काय खाशीन, गोळ्या कशानं घेशीन, हप्ते कुठून भरशीन, जे सुचेल ते बोलले. ती खांबाला टेकून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "झालं तुयं बोलून? तो मांगचा माणूस त्याच्यासंग काम करते. त्याच्यासमोर पोराले उघडं पाडू का मी? पैशासाठी?" आणि मग हळूच, जणू माझीच समजूत घालायची असावी तसं म्हणाली, "तसा तो चांगला हाय. त्याले सुचत नाई."

मला रडू आलं. रागानं आलं की कशानं, सांगता येत नाही. तिच्या या चांगुलपणाला कुठे आडवं जावं तेच कळत नव्हतं. कुणी वाईट असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

कचेरीच्या फाटकाजवळ भाऊ उभा होता. येणार नाही म्हणाला होता, पण ड्यूटी बदलून आला होता, गाडीवर एक पाय टाकून. आत यायची त्याची हिंमत झाली नव्हती. आम्हाला पाहून तो पुढे आला आणि आईला नाही, मला विचारलं, "काय सांगतलं मायनं?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जे हाय ते सांगतलं."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "साहेबासमोर?" तो म्हणाला. "साऱ्यायसमोर?" त्यानं गाडीची चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आपण आईला सांभाळत नाही हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. त्या एका क्षणी ते त्याच्या तोंडावर इतकं स्वच्छ दिसलं की साहेबांना हाक मारून बाहेर बोलवावंसं वाटलं.

"काहून घाबरून राहिला?" आई म्हणाली. "तू सांभाळतं असंच सांगतलं म्या."

भावानं तिच्याकडे पाहिलं. मग खांदे सैल सोडले, रुमालानं मान पुसली, गाडीला किक मारली आणि आईनं मागे बसावं म्हणून गाडी थोडी वाकवून धरली. ती त्याच्या खांद्याचा आधार घेऊन चढली. निघता निघता त्यानं मान वळवून तिला विचारलं, "माय, जेवली का तू?"

सकाळपासून तिच्या पोटात अर्धा कप चहा होता.

"जेवली ना," आई म्हणाली.